पोरींचं साटंलोटं

नातीला पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोन-तीन वेळा बोलावून तपासलं आणि तिला जे काही आहे त्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. पोर हुशार आहे, पण तिचं लक्ष एका जागी ठरत नाही, हे कळायला आम्हाला डॉक्टरांची गरज नव्हती. गरज होती ती भांडण मिटवायला. जावयांचं म्हणणं, आईनं जेवताना हातात मोबाइल दिला म्हणून हे झालं. लेकीचं म्हणणं, तुमच्या काकांना बघा, ते तरी कुठे दहा मिनिटं एका खुर्चीत बसतात? त्यात डॉक्टरीणबाईंनी साध्या सरळपणे विचारलं होतं, घरात आणखी कुणी असं आहे का? मला हसू आवरेना. लेक चिडली. "आई, इथे आम्ही काळजीत आहोत आणि तू हसतेस काय?" मी म्हटलं, बाई गं, हे भांडण मी ऐकलेलं आहे. शब्द वेगळे होते, मोबाइल नव्हता, बाकी सगळं हेच. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, चार ओळी लिहायच्या, उठून कुंड्यांना पाणी घालायचं, परत चार ओळी लिहायच्या. आयुष्यभर नर्स म्हणून खानापूरकडच्या जंगलातल्या गावांना लसी टोचत हिंडले, त्या पायांना आता एकदम बैस म्हटलं तर ते कसे ऐकतील?

आमचं घर निपाणीला. तंबाखूच्या वखारी जवळ, त्यामुळे हंगामात सगळ्या गल्लीला ठसका लागायचा आणि पाहुणे आले की आधी शिंकायचे, मग रामराम म्हणायचे. आम्हाला त्या वासाचं काही वाटत नसे. आई विड्या वळायची. दारात उजेडाला बसायची, मांडीवर सूप, सुपात एकीकडे तंबाखूचा भुगा, एकीकडे कापलेला पाला आणि सूत. एकदा बसली की भाकरीची वेळ होईपर्यंत उठायची नाही. तिची बोटं एवढी चालायची आणि बाकीची आई देवळातल्या मूर्तीसारखी स्वस्थ. पान घ्यायचं, चिमूट भरायची, वळायचं, तोंड दाबायचं, सुताची गाठ मारायची. ती गाठ मारताना तिच्या नखाचा बारीक टक् असा आवाज यायचा, तो आवाज म्हणजे माझं लहानपण. पोळ्याबिळ्या आमच्याकडे सणालाच. एरवी जोंधळ्याची भाकरी, मिरचीचा खर्डा आणि असलंच तर वाटीभर दही. त्या जेवणाची चव अजून तोंडात आहे, आणि मी बहुतेक वेळा ते अर्धं टाकून उठलेली असायचे.

माझे वडील, आप्पा, एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे होते. गावोगाव सायकलवर हिंडायचं, शेतकऱ्याचा माल बघायचा, पान चुरगाळून वास घ्यायचा आणि शेठला येऊन सांगायचं. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण घरात त्यांच्या दोन चपला एकाच वेळी एका जागी कधी सापडल्या नाहीत. एकदा ते सदलग्याला सायकलनं गेले आणि गप्पा मारत मारत बसमध्ये बसून घरी आले. दारात आल्यावर आईनं विचारलं, "सायकल कुठं हाय?" आप्पांनी मागं वळून बघितलं, जणू ती त्यांच्या पाठोपाठ चालत येणार होती. ती सायकल सदलग्याच्या पारावर तशीच उभी होती, आणि तिच्या घंटीला कुणीतरी फूल अडकवलेलं होतं.

मी त्यांचीच लेक. मीठ आणायला धाडली की मैत्रीण घेऊन परत यायची. वेणी एकीकडची घातलेली, दुसरीकडची मोकळी, कारण मध्येच दारावरून वरात गेलेली असायची. शाळेत बाई म्हणायच्या, शालन, तुझ्या पायाला भिंगरी आहे की डोक्याला? मला स्वतःलाही कळायचं नाही. ठरवून बसायचे की आज लक्ष द्यायचं, आणि त्या ठरवण्यातच तास संपायचा. आई कधी मारायची नाही. एवढंच म्हणायची, "शाले, तू हाईस का गेलीस?" आणि मी परत यायचे.

मे महिन्यात बेळगावहून आत्या यायची. आप्पांची थोरली बहीण, सगळे तिला आक्का म्हणायचे. तिचं सासर खडेबाजाराच्या मागच्या बोळात, आणि तिच्या शिस्तीचा आमच्या सगळ्या भावकीत दरारा. तिची लेक सुमन माझ्याच वयाची. सुमीला जिथे बसवावं तिथून ती उठायची नाही, दोन्ही वेण्या सारख्या, ताट लख्ख. सुमी आली की मला ती आवडायची आणि तिच्याकडे बोट दाखवून माझी जी आरती व्हायची ती आवडायची नाही. त्या मेमध्ये आईनं मला साधं काम सांगितलं. पाला भिजवून कापून ठेवला होता, तो उन्हानं वाळू नये म्हणून त्यावर ओलं गोणपाट टाकून ये. मी गोणपाट भिजवलं. घेऊन येताना शेजारच्यांचं करडू उन्हात बांधलेलं दिसलं, तोंड उघडून धापा टाकत होतं. मी ओलं गोणपाट त्याच्या अंगावर घातलं आणि त्याच्याशी खेळत बसले. पाल्याची आठवण आली तेव्हा पानं पापडासारखी वळून गेली होती, हात लावला की मोडायची. आठवडाभराचा पाला. आई मोडकी पानं गोळा करू लागली. आत्या बोलली.

"वहिनी, राग मानू नगंस. पर पोरीला वळण म्हणून कसलं लावलंच न्हाईस तू. येळंवर दोन धपाटे घातले असतेस तर अशी सुटली नसती."

आईनं सूप खाली ठेवलं. आई सूप खाली ठेवते तेव्हा काहीतरी मोठं असतं हे आम्हाला ठाऊक होतं. "वळणाचं मला काय सांगताय, आक्का? ही तुमच्या घराण्याच्या रगातातच हाय. तुमचा भाऊ सायकल इसरून आला, त्येला बी मीच वळण लावलं न्हाय व्हय?"

"मला कशाला मधी वडताय?" असं म्हणून आप्पा उठले आणि दुसरी चप्पल शोधू लागले.

"रगात बिगात काय न्हाय," आत्या म्हणाली. "हाताखाली कशी वागीवली ते बघायचं असतंय. माझ्याकडं धाड एक वरीस. सरळ करून दावती. मग कळंल समद्यास्नी."

"धाडती की," आई म्हणाली. "पर सुमीला हितं ठेवा. बघू तर खरं, माझ्या हाताखाली तुमची सोन्यासारखी पोर बिघडती का."

मला वाटतं, दोघींपैकी कुणीही जरा हसली असती तर तिथंच मिटलं असतं. पण कुणी हसली नाही आणि गल्लीतल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. एका घरची लेक दुसऱ्या घरात सून म्हणून द्यायची आणि त्या घरची आपल्याकडे आणायची, ह्याला साटंलोटं म्हणतात. गल्लीनं लगेच नाव ठेवलं, पोरींचं साटंलोटं. शाळा सुरू व्हायच्या आत मला बेळगावच्या बसमध्ये बसायचं होतं.

स्टँडवर आईनं माझ्या पिशवीत भाकऱ्या आणि खर्ड्याची पुडी ठेवली आणि माझी मोकळी वेणी घालायला घेतली. "नीट वाग. आत्या सांगंल ते ऐक. जेवताना उठू नगंस." मी म्हटलं, "मी नीट वागले तर तू हरशील की. सगळे म्हणतील तुलाच वळण लावता आलं नाही." आईचे हात थांबले. मग तिनं वेणी पुरी केली, रिबिनीचं फूल बांधलं आणि म्हणाली, "हरू दे की मला. तू हुशार हो." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आत्या ते बघत होती. बस सुरू झाली तेव्हा आत्यानं पदराच्या टोकाला एक गाठ मारली. मला वाटलं, तिकिटाचे उरलेले सुटे बांधले असतील.

त्या वर्षाचं माझं दुखणं एवढंच होतं. मी सुधारले तर आई खोटी पडणार. नाही सुधारले तर मी वाईट ठरणार, आणि शिवाय आत्या मला सोडणार नाही. कारण बेळगावला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं जाहीर करून टाकलं होतं, पोर सरळ होत असली तर मॅट्रिकपर्यंत इथंच ठेवून घेईन. पुढच्या उन्हाळ्यात, परीक्षा झाली की दोन्ही घरांनी एकत्र बसायचं आणि कोणती पोर कुठे राहणार ते ठरवायचं.

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून ते एवढंसं चाक चिमट्यात धरायचे आणि श्वाससुद्धा जपून घ्यायचे. त्यांच्या घरात जिथे बघावं तिथे गजराचं घड्याळ. चुलीजवळ एक, देवघरात एक, न्हाणीच्या कट्ट्यावर एक, दाराशी एक. प्रत्येकाचा आवाज वेगळा. चुलीजवळचं खणखणीत वाजलं की दूध उतरवायचं. देवघरातलं घोगरं वाजलं की भात झाला. दाराशी असलेलं वाजलं की शाळा. सुरुवातीला मला वाटायचं मी मिलिटरीत आले. शेजारच्या कानडी काकू हसून म्हणायच्या, आक्काच्या घरात कोंबडासुद्धा विचारून आरवतो.

शिस्त होतीच, पण ती जशी ऐकली होती तशी नव्हती. आत्या मला एका जागी बसवायचीच नाही. पाढे पाठ करायचे ते मागच्या अंगणात, आडाभोवती फेऱ्या मारत. "बसून काय डोक्यात जाणार हाय? चाल, आणि चालता चालता म्हण." एक गणित झालं की एक कळशी पाणी. मग दुसरं गणित. जे काम हातात आहे ते मोठ्यानं बोलायचं, अशी तिची सक्ती. ती स्वतःही बोलायची. सगळ्या घरात दिवसभर तिचा आवाज, "मी मीठ टाकलं, मीठ टाकलं, आता झाकण." पहिल्या आठवड्यात मला लाज वाटली, मग मीही बोलू लागले. "मी दप्तर भरते, मी पाटी घेतली, पेन्सिल कुठे आहे, पेन्सिल कानावर आहे." आणि कुठलीही गोष्ट लक्षात ठेवायची तर पदराला गाठ. आत्याच्या पदराचं टोक म्हणजे नुसत्या गाठीच गाठी. पिठाची गिरणी एक, देवळातला नारळ एक, कुणाचं बारसं एक. काम झालं की गाठ सुटायची. एक गाठ मात्र सुटत नसे. रोज सकाळी लुगडं बदललं की ती आदल्या दिवशीच्या पदराकडे बघून नव्या पदराला तशीच गाठ मारायची. मी एकदा विचारलं, ही कशाची? ती विचारात पडली. "कशाची तरी हाय. लई महत्त्वाची हाय, येवढं ठाव हाय. आठवंल."

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला तेव्हा कळलं नव्हतं. लहान मुलाला मोठी माणसं म्हणजे भिंतीसारखी पक्की वाटतात. ती कशाच्या आधारानं उभी आहेत हे आपण बघत नाही.

पण मी सुधारत होते. सहामाहीत गणितात पास झाले, तेही कळशा वाहून वाहून. बाईंनी आत्याला रस्त्यात गाठून माझं कौतुक केलं, आणि त्या दिवशी आत्यानं मला मिठाईच्या दुकानातून कुंदा आणून दिला. मी तो खाल्ला आणि मग अंगणात जाऊन रडले. आई हरत चालली होती. मग मी ठरवलं, मुद्दाम काहीतरी बिघडवायचं. आत्या बाहेर गेलेली असताना दूध चुलीवर ठेवलं, घड्याळाचा गजर बंद केला आणि दूध उतू जायची वाट बघत समोर उभी राहिले. गंमत अशी, की दुधाकडे एवढे डोळे लावून मी जन्मात कधी उभी राहिले नव्हते. साय धरली, कडेनं फुगे आले, दूध वर चढलं, आणि माझा हात आपोआप पुढे होऊन पातेलं खाली आलं. दोनदा असं झालं. बिघडायलासुद्धा मला नीट येत नव्हतं.

आप्पा कामानिमित्त बेळगावला यायचे तेव्हा डोकावून जायचे. मी विचारायचे, सुमी कशी आहे? "लई हसती आता," आप्पा म्हणायचे. "परवा तुझ्या आईला उलटून बोलली. तुझी आई म्हणाली, झाली बघा पोरगी जित्ती. तुझ्या आईला कौतिक." ते सांगताना त्यांना इतकं बरं वाटायचं की पिशवी विसरून जायचे.

आत्याचं आणखी एक मोठेपण म्हणजे तिचे मांडे. बेळगावात लग्न म्हटलं की मांडे हवेत, आणि बोळातल्या लग्नांचे मांडे आत्याकडे. सैल, मऊ कणकेची गोळी, आत सारण, ती लाटायची आणि मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत इतकी पातळ करायची की पलीकडचा माणूस दिसावा. उपड्या घातलेल्या तापल्या खापरावर ती टाकायची आणि गरम असतानाच घडी घालायची. थंड झाली की कुरकुरीत. दिवसभर दहा कामं अर्धी टाकणारी ती बाई खापरासमोर उभी राहिली की तिला हाक मारली तरी ऐकू जात नसे. मी तिच्याशेजारी उभी राहून बघायचे. मलाही मग हाका ऐकू यायच्या नाहीत.

परीक्षा झाली. बोळातल्या एका घरी लग्न ठरलं होतं, मांड्यांचं काम आत्याकडे होतं. मदतीला म्हणून आणि ठरलेला निकाल लावायला म्हणून त्याच सकाळी आई, आप्पा आणि सुमी निपाणीहून आले. आईला बघितल्यावर मी जी पळत सुटले ती दारातला हंडा सांडूनच थांबले. सुमीची एक वेणी सुटलेली होती. आत्यानं सांडलेला हंडा बघितला, सुटलेली वेणी बघितली आणि ती चुलीकडे वळली. कणीक तिंबून झाकून ठेवली होती, चूल पेटली होती. आत्यानं सारणासाठी खवा हुंगला आणि नाक मुरडलं. "आंबलाय. बसा तुम्ही, च्या घ्या. मी कोपऱ्यावरनं खवा घेऊन आलेच."

ती गेली. चहा झाला. चुलीजवळचं घड्याळ वाजलं, मी दूध उतरवलं. देवघरातलं वाजलं, मी भात उतरवला. आई बघत होती. आत्या आली नाही. "मी बघून येतो," म्हणून आप्पा उठले, आईनं त्यांच्या पायांत दोन्ही चपला आहेत ना हे बघून घेतलं. तेही आले नाहीत. खापर लाल होत आलं. लग्नघरचा माणूस दुपारी मांडे न्यायला येणार होता.

मामा ओसरीवर एका भिंतीवरच्या घड्याळाचं पोट उघडून बसले होते. आई त्यांना म्हणाली, "दाजी, आक्का अशा कुठं जात न्हाईत की. काय झालं असंल?"

"काय झालं न्हाय, वहिनी." मामांनी भिंग काढलं. "ही समदी घड्याळं मी हौसेनं लावलीत असं वाटतंय व्हय तुम्हाला? नवं लगीन झालं तवा भात करपायचा, दूध सांडायचं, ही बाजाराला गेली की सांजच्याला यायची. तिची आई मला म्हणालीवती, जावईबापू, पोरगी गुणाची हाय, पर तिला येळ दिसत न्हाय. येळ तेवढी तुम्ही सांभाळा. हे आडाभवती फिरणं, मोठ्यानं बोलणं, गाठी मारणं, समदं तिच्या आईनं शिकिवलंय तिला. लई मारून बघितलं म्हणं आधी. मारानं काय झालं न्हाय. मग ह्यानं झालं."

आई ऐकत राहिली. मग ती हसायला लागली. मी आईला इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सुमी हसली, मामा हसले, आणि मी मात्र हसले नाही. मला एकदम छातीत मोकळं वाटलं. इतकं मोकळं की पुढे नर्सिंगचा रिझल्ट लागला तेव्हाही वाटलं नाही. आत्या माझ्यासारखी होती. म्हणजे मी वाईट नव्हते, आणि आईनं काही चुकवलं नव्हतं.

"उठा," आई म्हणाली. "चूल वाया जाती." मामा टोपी घालून कोपऱ्यावर गेले आणि खवा घेऊन सरळ परत आले, त्याचं आम्हा तिघींना केवढं कौतुक वाटलं! आईनं बैठक मारली आणि गोळ्या भरून लाटायला घेतल्या. विड्या वळून वळून तिची बोटं अशी तयार होती की एकही गोळी फुटली नाही. मी खापरासमोर उभी राहिले. पहिला मांडा हातावर फाटला, दुसरा खापरावर टाकताना दुमडला. तिसऱ्याला माझ्या हातांना आत्याचे हात आठवले. मग काही ऐकू येईना. आई लाटत होती, मी हातांवर फिरवत होते, सुमी घडी घालत होती. मध्येच मला जाणवलं की आई लाटायची थांबलीय आणि माझ्याकडे बघतेय. "शाले," ती हळूच म्हणाली, "तू हाईस की गं."

टांगा वाजला तेव्हा परडी भरत आली होती. टांग्यातून आधी एक मोठा फणस उतरला, मग आत्या, मग आप्पा. आत्याच्या केसांत अबोलीचा गजरा. खव्याच्या दुकानाच्या वाटेवर तिला खानापूरची एक ओळखीची बाई भेटली होती, डोक्यावर एक आणि काखेत एक फणस घेऊन स्टेशनाकडे निघालेली. आत्यानं एक फणस धरायला म्हणून घेतला आणि गप्पा मारत स्टेशनपर्यंत गेली. आप्पा शोधत शोधत तिथं पोचले. मग बहीणभावांनी इंजिन पाणी भरताना बघितलं आणि चहा घेतला. लहानपणी दोघं असंच गाडी बघायला पळून जायचे म्हणे.

आईनं विचारलं, "आक्का, खवा?"

आत्याचा हात कपाळावर गेला. "अगं बाई! खवा!" मग ती आप्पांकडे वळली. "तू कशाला आलतास रं मग?"

"तुला हुडकाय आलतो," आप्पा म्हणाले. "आणि हुडकली की!"

आत्यानं परडी बघितली. एक मांडा उचलून उजेडाला धरला. "कुणी केलं हे?" सुमी म्हणाली, शालीनं आणि मामीनं. आत्या खाली बसली. भर दिवसा, काम चालू असताना, आत्याला बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते. तिनं घाम पुसायला पदर घेतला आणि ती न सुटलेली गाठ तिच्या हातात आली. ती गाठीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग माझी सुटलेली वेणी घालायला घेतलेल्या आईकडे.

"वहिनी," ती म्हणाली, "आठवलं मला. ही मी निपाणीच्या स्टँडवर मारलीती. तू पोरीची येणी घालत हुतीस तवा. पोरीला वळण लावलं न्हाईस म्हणाले, ते चुकलं माझं, हे तुला सांगायचं म्हणून मारलीती. मला काय म्हाईत नव्हतं व्हय? मी अशीच हुते. माझ्या आईचा हात काय हलका हुता? पोचल्यावर सांगावा धाडायचा हुता, ते ऱ्हाऊनच गेलं. रोज नवी गाठ मारायची, पर कशाची ते काय आठवंना."

चुलीत लाकूड तडतडलं. आई उठून आत्याच्या शेजारी बसली, तिच्या पदराचं टोक मांडीवर घेतलं आणि नखानं गाठ सोडवू लागली. रोज शेकड्यांनी गाठी मारणारी बोटं ती, पण ही गाठ सोडवायला त्यांना वेळ लागला. सुटल्यावर आईनं पदराची चुरगळ तळव्यानं सपाट केली.

"इसरलासा ते बरंच झालं," आई म्हणाली. "तवाच आठवलं असतं तर पोरीला माघारी धाडली असतीसा. मग हे समदं तिला कुणी शिकिवलं असतं? मला न्हाय आलं असतं, आक्का. मला बसून ऱ्हायचं तेवढं येतंय." मग ती हसली. "आता दुसरी मारा. दर मेला निपाणीला यायचं, शालीचं पाढं घ्यायला."

निकाल लावायला कुणी बसलंच नाही. त्या संध्याकाळी मी घरी गेले, सुमी तिच्या घरी राहिली, आणि मामांनी मला एक गजराचं घड्याळ दिलं, खणखणीत आवाजाचं. लेकीला मी हेच कळवणार आहे. डॉक्टरीणबाईंना सांग, आहे, घरात आहे, आईकडूनच आहे, ही पोर चौथ्या पिढीतली आहे. जावयांना सांग, मोबाइलनं नाही झालं, आणि बाई गं, तुझ्या हातून काही चुकलं नाही. डॉक्टर जे सांगतील ते करा. आणि सुट्टीत पोरीला माझ्याकडे धाडा. आमच्या कॉलनीत आड नाही, पण पाण्याची टाकी आहे, तिच्याभोवती चालता येतं.

आत्या त्यानंतर दर मे महिन्यात आली. एका वर्षी तेवढी बसमध्ये शेजारणीशी बोलता बोलता निपाणी मागं पडली आणि ती थेट कागलला जाऊन उतरली. मी आणि आई स्टँडवर होतो. बस आली, गेली, आत्या उतरली नाही. मी रडवेली झाले. आई पिशवी मांडीवर घेऊन बाकावर स्वस्थ बसली. "बस हितं," ती मला म्हणाली, मग माझ्याकडे बघून तिनं बदललं, "न्हायतर चाल फेऱ्या मार. येत्यात त्या." आणि कागलकडून येणारी पहिली बस थांबली, तेव्हा दारात पदर धरून आत्या उभी होती.